खरी गोळी कोनाले?

संशयी माणसं एका छताखाली आली की किस्से जमवावे लागत नाहीत, त्यांचा आपोआप ढीग होतो! ऐंशीच्या दशकात सौंसरच्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये होतो, तेव्हाचे हे.

आमचे डॉक्टरसाहेब अभ्यास करून राहिले होते: अफूचा असर रोखणारी गोळी धडधाकट माणसाला काय करते? गोळ्या घेणारे आम्हीच, स्टाफ. काहींना खरी, काहींना खडूची. कोणाला कोणती, ते बंद पाकिटात.

सिंधूबाई नर्सनं विचारलं, "मले कोनती देऊन राहिले?"

"मलाही माहीत नाही."

"मंग डॉक्टर कायचे तुमी!"

*

ड्रायव्हर नामदेव रामाकोना गावचा. गोळीच्या दिवशी त्याची भूकच मेली. दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यात हजर!

"चार भाकरी खानारा मानूस एकीवर उठला. कोनाच्या घरून जेवून आला?"

डॉक्टरांनी समजावलं, या गोळीनं भूक कमी होऊ शकते.

"अशी गोळी असते का कुठी? तुमीबी त्यायच्यात सामील दिसता!"

*

दुखणं किती सोसवतं ते पाहायला बर्फाच्या पाण्यात हात घालायचा होता. बर्फ पांढुर्ण्याहून आणला. चपराशी भीमरावदादांनी हात बुडवला तो काढेचनात! शेवटी डॉक्टरच घाबरले. "दुखत नाही का?"

"लय दुखून राहिलं, साहेब. पन हात काढला तं कामचोर लिहान तुमी!"

*

मला मळमळ, ओकारी, डोकं जड. मी सांगत सुटलो, "खरी मलेच भेटली!" शेवटी पाकिटं उघडली. माझी खडूची! खरी सिंधूबाईला, जिनं "मले तं काईच नाही" म्हणत दिवसभर ड्युटी केली होती.

*

गणपतरावांचं पाकीट मात्र आधीच उघडावं लागलं.

गणपतराव स्टोअरकीपर. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या गायब होऊन राहिल्या होत्या, म्हणून ते रोज आमच्या पिशव्यांची, डब्यांची झडती घ्यायचे. त्या औषधात कोडीन असायचं, म्हणजे अफूचंच भावंड.

गोळीआधी डॉक्टरांनी विचारलं, "नशेचं, खोकल्याचं काही घेता?"

"मी सुपारीबी खात नाही!"

तासाभरात जांभया सुरू झाल्या. मग नाक-डोळे वाहू लागले, अंगावर काटा, पोटात पीळ, शर्ट घामानं चिंब. डॉक्टरांनी त्यांचं पाकीट फोडलं: खरी! अन् ती अशी बाधते फक्त अफूची सवय असलेल्याला. त्यांनी सलाईन लावलं अन् दिवसभर उशाशी बसून राहिले. आम्ही दारात उभे.

संध्याकाळी गणपतरावांनी करदोड्याला बांधलेली स्टोअरची किल्ली सोडली अन् डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

"सगळ्यायची झडती घेतली, साहेब. माही कोनीच नाही घेतली!"