वाघूर काढायची राहिली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार भागाआत्याचे. माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेचं तोंड न पाहिलेली. मी इंजिनियर झालो तो तिच्यामुळं. तिचं नाव आधी लिहितो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात मी तिलाच फसवलं आहे.

शिरूरजवळ जनावरांवर प्रयोग करणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे. त्या दिवशी तिथं पाहुणे आले होते. दोन मोठे डॉक्टर, बाहेरगावचे चार अधिकारी. आमच्या कंपनीनं बनवलेलं उपकरण मेंढीच्या शिरेत बसवून दाखवायचं होतं. ते मी डिझाइन केलं होतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात माझ्या ड्रॉइंगचे कागद. पाहुण्यांना मीच समजावून सांगणार, असं आदल्या दिवशी ठरलं होतं. मी आरशासमोर इंग्रजीतून चार वेळा बोलून पाहिलं होतं.

मेंढी आत आणली तशी ती बुजली. माणसाच्या हातातून सुटली आणि टेबलांमधून पळायला लागली. आमच्या कंपनीच्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

"अरे, तू काय उभा राहिलायस? तुझ्या घरचंच काम आहे हे. धर तिला."

पाहुणे हसले. साहेबांनी त्यांना सांगितलं, "धनगर आहे आमचा हा. ओरिजिनल."

मी कागद खाली ठेवले. मेंढी धरली. गुंगीचं इंजेक्शन देईपर्यंत गुडघ्यावर बसून तिला धरून राहिलो. तेवढ्यात साहेबांनी माझे कागद उचलले आणि माझं डिझाइन पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. धरायचा आकडा कुठं, तारांचे पाय किती, उपकरण बाहेर कसं काढायचं. सगळं माझंच. नंतर मी जवळ गेलो तर म्हणाले, "जेवायला बसू नको आमच्यात. वास येतोय. कपडे बदलून ये."

मी हसलो. "हो सर" म्हणालो. ते हसू मला आजही गिळता येत नाही.

आमची वस्ती राहू गावाच्या शिवारात. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमची माणसं कोकणाकडं चालत जायची, पावसाच्या तोंडावर परत यायची. आई मी लहान असतानाच गेली. चौथीनंतर मीही मेंढरांमागं जाणार हे ठरलेलंच होतं. आत्यानं वडिलांना सांगितलं, "त्याच्या वाटची मेंढरं म्या वळते. त्याला शिरूरला वसतिगृहात घाला." आणि खरंच तिनं ती वळली. डोक्यावर बिऱ्हाड, हातात काठी, दरवर्षी घाट उतरून जायची आणि चढून यायची. मी बाकावर बसलो.

वसतिगृहातून मी तिला पत्रं लिहायचो. तिच्याकडं तेव्हा फोन नव्हता. पत्र राहूच्या किराणा दुकानात यायचं. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जाणारं कुणी भेटलं की त्याच्या हाती तिच्यापर्यंत पोचायचं, कधी महिन्यानं. कुणीतरी वाचून दाखवायचं. ती सवय पुढंही राहिली. आता तिच्याकडं फोन आहे, पण महत्त्वाचं असलं की ती म्हणते, "कागद लिही. फोनवरचं ध्यानात ऱ्हात न्हाई." शेजारची सून मंगल तिला वाचून दाखवते.

मला नोकरी लागली तेव्हा तीन कंपन्यांनी माझ्या इंग्रजीवरूनच परत पाठवलं होतं. या साहेबांनी घेतलं. म्हणाले, "बोलता येत नाही, पण हात चांगला आहे." त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं जगलो. गेटमधून आत जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचो. सोबतचे टिंगल करायचे. मला त्याचं काही वाटत नसे. घरातला मी पहिला, ज्याला बसायला स्वतःची खुर्ची मिळाली.

काम काय करतो हे आत्याला एकदा समजावलं होतं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली तर ती रक्ताबरोबर वर चढते, फुप्फुसात अडकते, माणूस जागच्या जागी जातो. म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत एक बारीक तारांची छत्री बसवायची. कापड नसलेली छत्री. रक्त जातं, गाठ अडते. धोका टळला की मानेतल्या शिरेतून फास सोडायचा, छत्रीच्या शेंड्याला आकडा असतो तो धरायचा, छत्री मिटवून बाहेर ओढायची.

आत्यानं सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हंजी वाघूरच की रं ही."

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. संध्याकाळी शेतात खुंट्या ठोकून लावतात, मेंढरं आत बसवतात.

"व्हय, वाघूरच," मी म्हणालो.

"मग येक सांग. वाघूर सकाळी काढावी लागती. तुमची न्हाई निघाली तर?"

मी हसून म्हणालो, "निघते आत्या. त्यासाठीच तर मी आहे."

प्रयोगशाळेत आठ मेंढ्यांना छत्र्या बसवल्या. काही आठवड्यांनी काढायला गेलो तेव्हा पाच निघाल्या. तीन कलंडल्या होत्या. आकडा शिरेच्या भिंतीत रुतला होता, वर नवं मांस धरलं होतं. फास त्याला लागेना.

कारण मला कळलं होतं. कंपनीत आम्ही छत्री तपासायचो ती सरळ, ताठ नळीत. जिवंत शीर ताठ नसते. मेंढी बसली, कूस बदलली की पोटाचं ओझं शिरेवर येतं, शीर चपटी होते. छत्रीला सरळ उभं धरून ठेवील असं माझ्या डिझाइनमध्ये काही नव्हतं. वरच्या बाजूला आणखी एक आधाराचं कडं हवं होतं. मी मीटिंगमध्ये तसं बोललो. सगळं पुन्हा करावं लागेल म्हणालो.

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुला मेंढरातलं कळतं. शिरेतलं आम्हाला कळू दे."

सगळे हसले. आठ दिवसांनी रिपोर्ट माझ्यासमोर आला. त्या तीन मेंढ्या हिशेबातून वगळल्या होत्या. कारण लिहिलं होतं: गुंगी उतरताना या मेंढ्या उताण्या ठेवण्यात आल्याने छत्र्या कलंडल्या, हाताळणीतील चूक. हाताळणाऱ्याचं नाव: माझं. खाली सहीची जागा.

ज्याला मेंढरं माहीत नाहीत त्याला यातलं काही कळणार नाही. मेंढी उताणी पडली की तिचं पोट फुगतं. तिला आपली आपण उठता येत नाही. तशीच राहिली तर मरते. आमच्यात चालायला लागलेल्या पोराला पहिलं हेच शिकवतात. उताणी मेंढी दिसली की हातातलं टाकून पळायचं, तिला उभी करायची. गुंगी उतरताना त्या आठही मेंढ्यांना मीच छातीवर बसवून, मान वर धरून सांभाळलं होतं. आणि माझ्या नावावर लिहिलं होतं की मी त्यांना उताण्या ठेवलं.

साहेब म्हणाले, "एवढं कर. मी तुला घेतलं तेव्हा कुणी घेत नव्हतं."

मी सही केली.

कुणी हात धरला नव्हता. धमकी नव्हती. उपकाराची फेड करतोय असं वाटलं, म्हणून केली.

छत्री बाजारात आली. पुढच्या वर्षी आत्या कासुर्डीला लेकीकडं गेली होती. हायवे ओलांडताना मोटारसायकलनं उडवलं. मांडी मोडली, डोक्याला मार. पायात गाठ धरली. डोक्यात रक्तस्राव होता म्हणून रक्त पातळ करायची औषधं देता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, फिल्टर, म्हणजे तीच छत्री, बसवावा लागेल. कपाटात दोन कंपन्यांचे होते.

मी पुढं झालो. "हा आमचा आहे, डॉक्टर. मीच डिझाइन केलाय."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "नंतर निघतो ना नीट? खात्री आहे?"

त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, मीटिंग नव्हती. खरं बोलायला कसलीही अडचण नव्हती. पण माझं उपकरण माझ्या आत्याला वाचवणार, या आनंदात मी होतो. सही केल्यापासून मी स्वतःलाही तेच सांगत आलो होतो, की मेंढ्यांचीच काहीतरी चूक असेल.

"खात्री आहे," मी म्हणालो.

चार महिन्यांनी छत्री काढायला घेतली. मी काचेच्या अलीकडं उभा होतो. पडद्यावर छत्री दिसत होती. कलंडलेली. आकडा भिंतीत. मी ते चित्र आधी तीन वेळा पाहिलेलं होतं. डॉक्टरांनी दोन तास फास टाकून पाहिला. मग बाहेर आले, हातमोजे काढले. "आता ओढलं तर शीर फाटेल. राहू द्यावी लागेल." पुढं गोळ्या जन्मभर. छत्रीवरच गाठ धरू शकते. तार शिरेबाहेर जाऊ शकते. किंवा काहीच होणार नाही. सांगता येत नाही.

आत्याला शुद्ध आली. मानेला पट्टी होती. मला बघून म्हणाली, "काढली का रं वाघूर?"

"काढली आत्या."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या हातचीच हुती. म्या भ्यालेच न्हाई."

दोन महिन्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. छत्रीचा मोठा आकार बाजारात आणायचा होता. पुन्हा मेंढ्या, पुन्हा रिपोर्ट. याही वेळी दोन छत्र्या कलंडल्या होत्या. कागद तयार होता. वाक्यही तेच.

"मागच्यासारखंच," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "मी मेंढ्या उताण्या ठेवल्या नव्हत्या."

"मग मागं सही का केलीस?"

मी कागद उचलून ते वाक्य पुन्हा वाचलं.

"कुठून आलास ते विसरू नकोस," ते म्हणाले.

"तेच आठवलं, सर. आमच्याकडं मेंढी उताणी ठेवत नाहीत."

कागद मी सही न करताच परत सरकवला. जागेवर येऊन लिहिलं की पहिल्या रिपोर्टवर सही मी केली, पण ज्याच्यावर केली ते खोटं आहे. ते अशा उपकरणांना परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयाला पाठवलं, इस्पितळाला पाठवलं, साहेबांनाही दिलं. आठवड्यानं मला काढून टाकलं. कारण दिलं, हाताळणीतील चुका. सरकारकडून पोचपावती आली. त्यापुढं काही आलं नाही. इस्पितळाच्या कपाटात अजून तीच छत्री आहे, मी विचारून आलो. मोठा आकारही येणार असं ऐकतो. सही दुसऱ्या कुणाचीतरी असेल.

मग आत्याला पत्र लिहिलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

तीर्थरूप भागाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

मंगलवहिनी, हे मोठ्यानं वाचा. मधे थांबू नका, आणि काही गाळू नका.

आत्या, वाघूर निघाली नाही. ती तुझ्या पोटात आहे. इस्पितळात मी तुला खोटं सांगितलं. ती आता निघणार नाही. मी खूप जणांना विचारलं, सगळे तेच म्हणतात. गोळ्या चुकवू नकोस. पाय सुजला, धाप लागली तर त्याच घटकेला मला कळव.

ती कलंडते हे मला तुला बसवायच्या आधी माहीत होतं. मेंढ्यांमध्ये कलंडली होती. मी कागदावर सही केली की मेंढ्या मी उताण्या ठेवल्या. तू शिकवलेलं मी असं विकलं, आणि पैशासाठीही नाही. साहेबांनी मला बरं म्हणावं म्हणून.

तू म्हणशील, जाऊ दे लेकरा. तसं म्हणू नकोस. हे जाऊ द्यायचं नाही.

नोकरी गेली आहे. माझ्या अर्जाचं काही होईल असं मला वाटत नाही. तरी दर महिन्याला पुन्हा लिहिणार आहे. प्रत्येक अर्जात पहिली ओळ हीच असेल, की सही माझी होती आणि ती खोटी होती. दुसऱ्या ओळीत तुझं नाव घालायचं आहे. घालू का ते सांग. नको म्हणालीस तर फक्त माझं घालीन.

ते वाघुरी लावतच राहतील, आत्या. मला त्या काढता येणार नाहीत. पण मेंढी उताणी कुणी ठेवली असं विचारलं, तर यापुढं माझ्या तोंडून माझं नाव निघणार नाही. ज्यांनी ते खोटं लिहिलं त्यांचं निघेल. प्रत्येक वेळी. सगळ्यांसमोर.

मी येतोय तिकडं. तोंड दाखवायला जागा नाही, तरी येतोय.

तुझा भाचा