मोनिका साळवे पडायला शिकते

मोनिका साळवेला मोटारसायकलवरून पाडणं सोपं नव्हतं, आणि सिनेमात शिरल्यावर तिची पहिली अडचण हीच झाली.

तिचे वडील प्रभुदास साखर कारखान्यात फिटर. देवळाली प्रवरेच्या त्यांच्या घरापुढं एक जुनी राजदूत मोटारसायकल उभी असायची आणि मोनिका तिच्यावरच शिकली. गळिताच्या हंगामात पाटाकडेच्या रस्त्याची उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन चाळण व्हायची, वर चिपाडं पसरलेली. त्यावर जिला गाडी सावरता येते तिला पुण्यातला, नाशकातला डर्ट ट्रॅक काय अवघड? कॉलेज संपेपर्यंत तिनं बैठकीच्या खोलीतलं शोकेस कपांनी भरलं. आई हन्नाबाई बालवाडीत शिकवायच्या. रेस असली की देवळात त्यांची प्रार्थना ठरलेली, ‘लेकीला पडू देऊ नको.’

पुण्यातल्या एका रेसनंतर श्रीमंतमास्तर तिला शोधत आले. हे मूळचे पारनेरकडचे, सिनेमात मारामाऱ्या बसवणारे.

“पोरी, माझ्याकडं ये,” ते म्हणाले. “हिरॉईनच्या जागी गाडी चालवायला कुनी न्हाई. बाप्यांना विग घालून घालून कट्टाळलो मी.”

मोनिका हरखून गेली. पहिलाच शॉट असा, की वळणावर गाडी घसरते आणि हिरॉईन पडते. गाडी आली, चाक घसरलं, आणि मोनिकाच्या गुडघ्यांनी अन् मनगटांनी तिला न विचारताच गाडी सरळ केली. पुन्हा टेक. पुन्हा गाडी सरळ. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला.

“आगं, पड की,” मास्तर म्हणाले.

“पडतेच आहे, मास्तर.”

“कुठं पडतीस? सावरतीस तू. हितं कप मिळनार न्हाई सावरल्याचा.”

अखेर तो शॉट विग घातलेल्या माणसानंच दिला. मोनिका तोंड पाडून घरी आली. वर्षानुवर्षं जे अंगात मुरवलं तेच आता काढून टाकायचं होतं.

प्रभुदासांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या गोरक्षनाथाचं रान मागितलं. ऊस तुटून गेला होता, पाचट अजून पेटवलेलं नव्हतं, गादीसारखं जाड पसरलं होतं. मोनिका गाडी घेऊन यायची, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं हँडल सोडायची, हनुवटी छातीशी घेऊन लोळायची. प्रभुदास बांधावरून सांगायचे, “डावा खांदा आत घे.”

बालवाडी सुटल्यावर हन्नाबाई त्या वाटेनं आल्या आणि थबकल्या.

“काय चाललंय हे?”

“पडतेय, आई.”

“मुद्दाम?”

“हो.”

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, चपला काढल्या आणि बांधावर बसल्या. लेक आणखी दोनदा पडली तेव्हा म्हणाल्या, “मग आता मी देवाकडं मागू तरी काय? नीट पडू दे म्हणू?”

“तसंच माग,” प्रभुदास म्हणाले. “त्यालाबी सोपं जाईल.”

त्यानंतर मोनिका जिन्यांवरून पडली, जीपच्या टपावरून पडली, मोटारसायकलवरून तर किती वेळा पडली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. गावातली माणसं सिनेमा बघून विचारायची, “तू कुठली त्यातली?” ती म्हणायची, “पाठमोरी दिसते ती.”

एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं. घरी बसवेना, म्हणून हात झोळीत घालून ती सेटवर मास्तरांच्या शेजारी मॉनिटरपुढं बसू लागली. तिथं तिला वेगळीच गोष्ट दिसली. पोरं जीव खाऊन गाडी पळवत होती आणि पडद्यावर ती बैलगाडीसारखी वाटत होती.

“मास्तर, कॅमेरा चाकाजवळ घ्या, अगदी जमिनीलगत,” ती म्हणाली. “आणि गाडी हळू सोडा.”

मास्तरांनी करून पाहिलं. गाडी अंगावर आल्यासारखी वाटून मागं उभा असलेला चहावाला बाजूला झाला. त्या दिवसापासून मास्तर तिला विचारल्याशिवाय शॉट लावीनासे झाले, आणि गेल्या वर्षी स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी एक अख्खा सिनेमाच तिच्या हवाली केला. ॲक्शन डायरेक्टर मोनिका साळवे.

पाठलागाचा सीन तिनं आपल्याच पाटावर नेला. हिरो मुंबईचा, तब्येत कमावलेला. पाटावरून गाडीची उडी मीच मारणार म्हणून अडून बसला.

“लोकांना खरं वाटलं पाहिजे, मॅडम.”

“बरोबर आहे,” मोनिका म्हणाली. “आधी रस्ता बघून घेऊ. बसा मागं.”

तिनं त्याला पाटाकडेनं रेसच्या वेगात एक चक्कर मारून आणली. हिरो उतरला, पाणी प्यायला आणि हळूच म्हणाला, “डबल कोण आहे आपला?”

हिरोच्या जागी गाडी चालवणारा डबल होता राम, कर्जतचा, डर्ट ट्रॅकवरून मोनिकानंच उचललेला. त्यानं गाडी पाटावरून अशी नेली की काठावरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. पलीकडं टेकताना चाक जरा वाकडं गेलं, तो लोळला, उठला आणि हात वर केला. शॉट ओके.

हन्नाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्या तडक रामकडं गेल्या.

“तुझी आई कुठं असते?”

“कर्जतला.”

“फोन लाव.”

“राहू द्या ना, मावशी.”

“लाव म्हणते ना.”

रामनं नाइलाजानं लावला. हन्नाबाई म्हणाल्या, “मी मोनिकाची आई बोलतेय. काळजी करू नका हं. पडला, पण तुमचा मुलगा अगदी व्यवस्थित आहे.”

पलीकडं रामच्या आईला, रंगुबाईंना, काहीच माहीत नव्हतं. “पडला? कुठनं पडला?” त्यांचा आवाज मोकळ्या रानात सगळ्यांना ऐकू आला. “त्यो तर म्हनला, सिनेमावाल्यांच्या गाडीवर डायवर हाय मी.”

रामनं मान खाली घातली. हन्नाबाईंनी फोन लेकीच्या हातात दिला.

मोनिका बांधावर बसली. “खोटं नाही बोलला तो, मावशी,” ती म्हणाली. “ड्रायव्हरच आहे. जरा उंचावरून नेतो गाडी, एवढंच.”

पुढचा शॉट लावून माणसं थांबली होती. मोनिकानं त्यांना हातानं बसा म्हणून खुणावलं आणि रंगुबाईंना राम काय काम करतो ते पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.