अण्णांच्या गाडीचं इंजिन

रविवारी मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. एक वयस्कर गृहस्थ बॉनेट उघडून इंजिनावर कोरलेला नंबर दाखवत होते. "कारखान्यातून आलं तेच इंजिन आहे," ते सांगत होते. मी पुढे निघालो, पण मन तिथेच घुटमळलं.

माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, अशीच एक गाडी होती. थंडीत ती सुरू व्हायला वेळ लावायची. अण्णा चोक ओढून स्वस्थ बसायचे, तिला घाई करायचे नाहीत. ते आजारी होते तेव्हा मी त्यांना न विचारता तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. मेकॅनिकनं विचारलं, "जुनं ठेवायचंय का?" मी म्हणालो, "भंगारात द्या."

बरे झाल्यावर अण्णा गाडीत बसले. किल्ली फिरवताच ती सुरू झाली. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"चांगली चालतेय," एवढंच म्हणाले आणि उतरले. पुन्हा कधी त्यांनी ती चालवली नाही.

रंग तोच होता, काचा त्याच, सीटवरचं कापडही तेच. इंजिन बदललं की गाडी तीच राहते का, हे जाणकारांनी ठरवावं. अण्णा मात्र तिला आवाजावरून ओळखत होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पुढे ते बाजारात पायीच जायचे. मी सोडायला निघालो, तर चपला घालत म्हणायचे, "राहू दे रे. तुझी गाडी तुला लागेल."