हळद-कुंकू लावलेला रिपोर्ट

"ह्याचं लॅमिनेशन न्हाई व्हायचं, शेषेराव."

"का वं, वहिदाभाभी? चारी कोपऱ्याला हळद-कुंकू लावून आणलाय. आपल्याला एड्स न्हाई! सासऱ्याला दाखवायचाय."

रेणापूरच्या ह्या ट्रकवाल्यानं रक्त-तपासणीचा कागद लग्नपत्रिकेसारखा नटवला होता. लातुरात कोचिंग क्लाससमोर वहिदाभाभीचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. मार्कमेमोवाल्यांची रांग पार नालीपर्यंत. दुकान टाकायच्या आधी, भूकंपानंतर आलेल्या एका संस्थेसाठी भाभी सहा वर्षं ढाब्याढाब्यावर ट्रकवाल्यांना ह्याच आजाराचं सांगत हिंडलेली. संस्था गेली, जीभ राहिली.

तिनं त्याला मशीनीमागं ओढलं. "खरं बोल. पाय कवा घसरला?"

"गेल्या आयतवारी. देगलूरच्या पुढं."

"आन् तपासणी?"

"गुरुवारी."

"आरं मुडद्या, आयतवारी पेरलं आन् गुरुवारी म्हंतो, उगवलंच न्हाई! तपासणीत दिसाया हप्त्यावर हप्ते जातेत. आन् लागण झालीच आसंल, तर ह्याच कोवळ्या दिवसांत रक्तात रोगाची जत्रा भरती. कागद कोरा, आन् बायकोला लागायची भीती सगळ्यात जास्ती. तीन महिन्यांनी परत तपास. तवर लगीन न्हाई."

शेषेराव स्टुलावर बसला तो घाम पुसतच. "धा दिसावर लगीन हाय, भाभी! घोडा सांगितलाय."

"घोड्याला घाई हाय का तुला?"

"आन् नवरीला? शिल्पाला काय सांगू?"

"जे झालं ते. तूच सांग. जिभंची झेरॉक्स मी काढत न्हाई."

गेला बिचारा. शिल्पानं म्हणे पायातली चप्पल काढली, हातात तोलली, पुन्हा पायात घातली आन् म्हणाली, "तीन महिने. तपासणीला मी बी संगं येणार. मग बघू घोड्याचं."

तीन महिन्यांनी दोघं दुकानात. म्होरं शिल्पा, मागं शेषेराव, ओठांतलं हसू दाबून दाबून गाल फुगलेले. कागद साफ! हळद-कुंकू ह्या वेळी शिल्पानं लावलेलं, सढळ हातानं.

"आता करा, भाभी."

"करते. पर हा कागद मागल्या दिवसांचा हाय. म्होरलं ह्याच्या चालीवर."

"चालीवर माझी नजर हाय," शिल्पा म्हणाली, आन् शेषेरावनं मान अशी डोलावली की टोपीच पडली.

कागद आत गेला. गरम रुळावर कुंकू पसरलं. पाठोपाठ रांगेतल्या पोरीच्या मार्कमेमोची झेरॉक्स लॅमिनेट होऊन बाहेर आली, कडंनं लालभडक.

"भाभी! माझ्या बारावीला कुंकू लागलं!"

शिल्पा हसता हसता खालीच बसली. पोरगी रडावं का हसावं ह्या घोरात, रांग नुसती खिदळतीय. भाभीनं डोळे पुसले, मशीन बंद केली, त्याच पदरानं रूळ घासला, पोरीच्या मार्कमेमोची नवी प्रत काढून दिली आन् ओरडली,

"हां, पुढचा कोन? कागद कोरडा आणा रे!"