मशीनला जाडी दिसत नाही

पेंटरकाकांना किळस येणार नाही अशी वस्तू द्वारका चौकाजवळच्या आमच्या गल्लीत नव्हती. चहाच्या ग्लासावरचे बोटांचे ठसे, काउंटरखाली मारलेली गुटख्याची पिचकारी, डब्यातल्या पोळीलाही लागणारा जळक्या अ‍ॅक्रेलिकचा वास, सगळ्याला एकच शब्द, "शी!" पण सगळ्यात मोठी शी ते गिऱ्हाइकाने आणलेल्या डिझाइनच्या फाइलसाठी राखून ठेवत. फाइल उघडायच्या आधीच रुमाल नाकाशी जायचा, जणू आत उंदीर मेलाय.

मी ब्रह्मपुरीकडची. शाळा आठवीत सुटली, लग्न होऊन एवढ्या लांब आले आणि लेझर मशीनने पाट्या कापायच्या या दुकानात कामाला लागले. दुकानाचे शेठ दिसले की मी मशीनच्या आड व्हायचे. काका मला माझ्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने, "ए चांदा" म्हणून हाक मारत. जन्मभर ब्रशने पाट्या रंगवून म्हातारपणी संगणकावर बसलेला हा सायखेड्याचा माणूस माझ्या शिक्षणाबद्दल कधी बोलला नाही. एकदा मीच रडगाणं सुरू केलं, तर म्हणाले, "ते एमए झालेलं पोरगं बघ, काय घाण फाइल पाठवलीय. गप बस."

त्यांची शिकवण एकच. "पडद्यावर जाड रेघ दिसती ना? मशीनला जाडी दिसत नाय. ते रेघेच्या मधोमध चालतं, एक चीर पाडतं, झालं. आधी रेघेचा आकार कर, तिला दोन्ही बाजूंनी कडा येऊ दे. मग काप." दुकानात याला नुसतं 'कन्व्हर्ट' म्हणत. मग एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करायचे, नाहीतर शिरोरेघ प्रत्येक अक्षरापाशी तुटते. तशी तुटकी पाटी रस्त्यात दिसली की काका तोंड फिरवून चालायचे. मला वाटायचं, एवढं काय! आता माझंही तोंड फिरतं.

एकदा एका विहाराच्या दारावरचं धम्मचक्र कापायला आलं, निळ्या अ‍ॅक्रेलिकमध्ये. बाहेर घेर, आत मध्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारा जाड रेघा, म्हणजे चोवीस आरे. शेठनी आदल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "अजून एक शीट वाया गेली तर घरी बसायचं." त्या धास्तीनेच घाई झाली. कन्व्हर्ट करायचं राहिलं. मशीन थांबलं, झाकण उघडलं, तर चाक नाहीच. टरबुजाच्या फोडींसारखे सुटे तुकडे. मला स्वतःचीच किळस आली.

शेठ आले. "कोणी केलं हे?"

मला वाटलं, काका अंगावर घेतील.

"हिनं," काका म्हणाले. "पण फाइल आधी मी तपासली होती, शेठ. मला कळलंच नाय, कडा हायेत का नुसती रेघ. दोन महिने झालं, पुसट दिसतं. ही घाईनं चुकली, हिची घाई जाईल. माझे डोळे काय परत येणार नाय. खुर्ची हिला द्या."

दोन महिने शेजारी बसून मला पत्ता नव्हता. शेठनी एक तुकडा उचलून बघितला. मग मला म्हणाले, "सकाळी चाक पाहिजे." आणि आत गेले.

काकांनी पिशवी उचलली. मी पाया पडायला वाकले, तर पाय मागे घेतले. "शी! हात बघ आधी, सगळा चिकटा."

त्यानंतर आमची भेट झाली ती एकदाच, चाक विहारावर चढलं त्या दिवशी. काका खाली रस्त्यावर उभे होते, मान वर, डोळे बारीक.

"निळं दिसतंय. आरे नाय दिसत. मोज."

भर रस्त्यात बोट वर करून मी मोठ्याने मोजत गेले. बावीसला डोळे पुसायला थांबले.

"थांबलीस का? तुटलाय का एखादा?"

"नाही, काका."

"मग मोज की पुढं."