दुसरी प्लेट पुरी-भाजी

महाबळेश्वरात रविवारी जेवायला कुठं जावं, असं काल ग्रुपवर मीच विचारलं होतं. तुम्ही सांगितलेल्याच हॉटेलात आज दुपारी गेलो.

सगळ्यांनी मागवलं, बायकोनं नाही. "मी खोलीवर भाकरी-चटणी खाल्ली की," म्हणाली. नेहमीसारखंच.

सुनेनं विचारलं, "आई, तुम्ही हॉटेलात कधीच का खात नाही?"

"लग्नाच्या वर्षी खाल्लं होतं, सोलापुरात. दुसरी प्लेट पुरी-भाजी मागितली, तर हे म्हणाले, 'लोक बघतात, बाईमाणसानं एवढं खाऊ नये.' तेव्हापासून सोडलं."

रागानं नाही बोलली. मीठ मागावं तसं बोलली.

पंचाहत्तर साल असेल. आमच्या घरी बायका शेवटी जेवायच्या, उरेल ते. त्या दिवशी ती सकाळपासून उपाशी होती, हे मला ठाऊक होतं. माझं बोलणं मात्र आज तिनं सांगेपर्यंत मी विसरून गेलो होतो.

तुमच्याकडंही कोणी "मी खाऊन आले" म्हणत असेल, तर आजच विचारा. उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

सोलापुरात तेव्हा आम्ही बसलो होतो ती फॅमिली रूम होती. पडदा ओढलेला होता. तिला खाताना बघणारं तिथं माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.