न पडलेली पाकळी

गोव्यातल्या चोपडे गावी नदीकाठावरून वर चढणाऱ्या वाटेवर सातेरीचे लहानसे देऊळ आहे. त्या देवळात बाबाजी गुरवांनी एकतीस वर्षे देवीची पूजा केली, आणि एकतीस वर्षे लोकांचे भय आपल्या हातांनी देवीच्या अंगावर चिकटवले. कौल लावणे म्हणजे दुसरे काय असते? कुणी मुलीच्या लग्नाचा, कुणी विहिरीच्या जागेचा, कुणी न उतरणाऱ्या तापाचा प्रश्न घेऊन येई. बाबाजी तांबड्या फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना लावीत आणि गाऱ्हाणे घालीत. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. एकदा मिळालेला कौल पुन्हा विचारायचा नाही, हा तिथला नेम. बाबाजी तो जिवापलीकडे जपत.

पाकळी लावून झाली की ते देवळामागच्या फणसाखाली विडी ओढायला जात. पाकळी पडली की त्यांना हाक येई. वाट पाहणाऱ्याचे तोंड त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून सहा वर्षे झाली होती, तेव्हा भय त्यांच्याच छातीत येऊन बसले. देवीच्या अभिषेकाची घागर घेऊन पायऱ्या चढताना ते मध्येच थांबले, घागर सुटली, आणि पत्नी चंद्रावतीने धावत जाऊन पाहिले तो त्यांचे तोंड पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखे उघडमीट करीत होते. पणजीच्या इस्पितळात जीव वाचला. पण हृदयाच्या तीन नळ्या बंद झाल्या होत्या. बायपास करायला हवी, म्हणून दोघे मुंबईला गेले, तर तिथल्या सर्जनने हात आखडता घेतला. झटक्याने हृदयाचा मोठा भाग निपचित पडला होता. तो मेला आहे की नुसता निजला आहे, हे कळल्याशिवाय छाती उघडण्यात अर्थ नव्हता. निजला असेल तर नवे रक्त त्याला उठवील. मेला असेल तर एवढे मोठे ऑपरेशन त्यांचा देह सोसणार नाही, आणि सोसले तरी व्यर्थ.

निघण्यापूर्वी शेजारी म्हणाले होते, "बाबाजी, एकदा कौल घे."

"माझ्याच हातान माझोच कौल कसो लावू?" बाबाजी म्हणाले होते. त्यामुळे प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि न विचारलेला प्रश्न पोटात घेऊनच ते मुंबईच्या इस्पितळात हृदयाची चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याखाली निजले.

डॉक्टरीणबाईंनी शिरेत औषध टोचले. "हृदयाचे जे मांस जिवंत आहे, ते हे औषध ओढून घेते. तिथे रंग दिसेल," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पडद्यावर बांगडीसारखे एक कडे उमटले. उजवे अंग पिवळे, तांबडे, झगझगीत. डावे अंग काळे, रिते.

"चार तासांनी पुन्हा हेच पाहू," बाई सहज म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

बाहेरच्या बाकावर येताच बाबाजींनी पिशवी उचलली. "चल गो. घरा जावया."

"चार तास खय झाले?"

"कौल मेळलो. डावो पडलो. तू बघलंस मां? तीच गजाल परत विचारूक जायना."

"ती डाक्टरीण गुरवीण कधी झाली?"

"मस्करी नको."

मस्करी नव्हतीच ती. उठून गेले तर सर्जन हात लावणार नाही, आणि पुढच्या घागरीला हा माणूस उरणार नाही, हे चंद्रावतीला स्वच्छ दिसत होते. तिने त्यांचा हात धरला. पाकळी लावताना कधी न हललेला तो हात पानासारखा थरथरत होता.

"जानकीवयनी आठवता तुमका?" ती म्हणाली. "झिलाच्या तापाचो कौल लावललो. दोनपार झाली तरी पाकळी पडना. ती रडान घरा जाऊक उठली. तेव्हा तुमी काय म्हणालात?"

बाबाजींनी पिशवीचे बंद मुठीत आवळले.

"तुमी म्हणालात, बस गो, पाकळी पडूक नाय म्हणजे देवी नाय म्हणाली असा न्हय, ती अजून बोलूक नाय. आणि विडी ओढूक गेलात. तिच्या बाजूक मी बसललंय. तिचा तोंड मी बघलंय." तिने पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. "पयला चित्र म्हणजे लावलली पाकळी. पडली खय ती? तुमीच वाट बघूक नको म्हणतास?"

बाबाजी बसले. विडी नव्हती, फणस नव्हता, पळायला जागा नव्हती. समोरच्या घड्याळाचा काटा हलत होता. तेव्हा चंद्रावतीने, जिने जन्मात कधी गाऱ्हाणे घातले नव्हते, पदर डोक्यावरून घेऊन हळू आवाजात सुरुवात केली, "बा देवी सातेरी, तुझो सेवेकरी आज तुझ्या दारात नाय, परक्या दारात बसलो हा. त्येका एकटो सोडू नको."

बाबाजींच्या तोंडून गाऱ्हाण्याला द्यायचे ठरलेले उत्तर फुटले, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या चित्रात डाव्या अंगाच्या वरच्या अर्ध्यावर फिकट पिवळा रंग चढला होता. "हा भाग निजलेला होता, औषध हळूहळू ओढत होता," बाई म्हणाल्या. "ऑपरेशननंतर तो उठेल, असा माझा अंदाज आहे. खालचा काळा राहिला, तो मात्र गेला. पहिल्यासारखे बळ येणार नाही, बाबाजी. पण चालाल, फिराल."

बाबाजींना रडू आले, ते आनंदाचे नव्हते. नकार मिळाला असता तर घरी जाऊन पडता आले असते. आता छाती उघडून घ्यावी लागणार होती. ऑपरेशनला नेताना त्यांनी चंद्रावतीची बोटे इतकी घट्ट धरली, की सोडवायला परिचारिकेला यावे लागले.

त्यांची छाती उघडली गेली, शिवली गेली, आणि पडद्याने सांगितले तेवढेच बळ परत आले. ना जास्त, ना कमी. घागर आता चंद्रावती उचलते. बाबाजी निम्म्या पायऱ्यांवर टेकतात, श्वास गोळा करतात, पुन्हा चढतात.

मात्र कौल लावला की ते आता फणसाखाली जात नाहीत. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाशेजारी जमिनीवर बसतात. काही बोलत नाहीत. दोघेही पाकळीकडे पाहत राहतात, आणि माणसाचा हात थरथरू लागला की बाबाजी तो आपल्या हातात घेतात. त्यांचाही हात तेव्हा थरथरत असतो.